आठशे सदतिसावा प्रश्न

आमच्या घरी न्हाणीत गेलेल्या माणसाचीही प्रश्नांतून सुटका नसे. न्हाणीचं दार पत्र्याचं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यावर पेन्सिलीनं टकटक करायचे आणि बाहेरून विचारायचे, “मंदा, दौलताबादचं जुनं नाव?” मी डोक्यावर तांब्या ओतता ओतता आतून ओरडायची, “देवगिरी.” “बदललं कोणी?” “महंमद तुघलकानं.” “शहनाई कोणत्या प्रकारचं वाद्य?” “सुषिर.” “बटाटा भारतात कोणी आणला?” इथवर पाणी गार झालेलं असायचं आणि मी पोर्तुगीजांच्या नावानं खडे फोडत अंग पुसायची. आता आमच्या शहराचंही नाव बदललं आहे आणि तोही प्रश्न परीक्षेला येतो, असं परीक्षेला बसणारी पोरं सांगतात. अण्णा असते तर त्यांनी तो सगळ्यांच्या आधी छापून टाकला असता.

अण्णा मूळचे उस्मानपुऱ्यातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक. आमचे आजे-पणजे कुळकर्णी, गावाची दप्तरं सांभाळणारे, आणि ती दप्तरं अण्णांच्या अंगात उतरली होती. नोकरी सोडून त्यांनी स्वतःचं पुस्तक काढलं. स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्यांसाठी सामान्य ज्ञानाचं, तळहातात मावणारं, पिवळ्या वेष्टनाचं. त्याला एक लांबलचक संस्कृत नाव होतं, पण ते अण्णांखेरीज कुणी उच्चारत नसे. एक हजार प्रश्न आणि एक हजार उत्तरं, म्हणून सगळा जिल्हा त्याला ‘हजारी’ म्हणायचा. पहिले अडीचशे प्रश्न इतिहासाचे, मग भूगोल, मग मनोरंजन, शेवटी खानपान. दर दिवाळीला नवी आवृत्ती निघायची. छपाई त्या जुन्या छापखान्यात व्हायची, बाकी सगळं पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी. पुंडलिकनगर तेव्हा नवं होतं. दोन घरांच्या मधे मोकळे प्लॉट आणि त्यांत बाभळी होत्या, आणि मला तिथं बाहेर खेळायला बंदी होती, कारण खेळायला गेलं की मैत्रिणी होतात आणि मैत्रिणी झाल्या की घरी येतात.

घरी कुणी यायचं नव्हतं. पुढच्या खोलीत मुद्रितं, म्हणजे तपासायची कच्ची छापील पानं, पसरलेली असायची आणि अण्णांना वाटायचं की आलेला प्रत्येक माणूस प्रश्न चोरायला आला आहे. दूधवाल्यालासुद्धा ते उंबऱ्याबाहेर थांबवायचे. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि अण्णा छापील कागदावर पेन्सिल फिरवायचे. वाचायचं म्हणजे विरामचिन्हांसकट. “मिरची मूळची कोठली प्रश्नचिन्ह मेक्सिको पूर्णविराम.” आत आई भाकरी थापत असायची. तिला हे उत्तर कधीच पटलं नाही. “मेक्सिकोत काय ठेचा करतात होय?” असं ती दर वर्षी विचारायची आणि अण्णा दर वर्षी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. भाकरीची थपथप, माझे पूर्णविराम, येसराच्या आमटीची फोडणी. फोडणीच्या आवाजात एखादा शब्द बुडाला की अण्णा म्हणायचे, “परत.” शाळेतून, पुढं कॉलेजातून आलं की कपडे बदलायच्या आत हे सुरू व्हायचं आणि कंटाळा आला असं म्हणायची सोय नव्हती, कारण आम्ही जेवत होतो ते हजारीवर. त्या वयात मला मॉस्कोपासून माद्रिदपर्यंत सगळ्या राजधान्या पाठ होत्या आणि मी क्रांती चौकापलीकडं एकटी गेलेली नव्हते. याचा मला भयंकर राग यायचा. पण तो कुणावर काढायचा हे हजारीत नव्हतं.

आमच्या घरातली एक गोष्ट बाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. हजार उत्तरांतलं एक उत्तर आम्ही मुद्दाम खोटं छापायचो. घरात त्याला ‘खडा’ म्हणायचे, तांदळात निघतो तसा. अण्णांनी ते मला लहानपणीच समजावलं होतं. “उद्या कुणी आपलं पुस्तक जसंच्या तसं उचललं तर तो म्हणणार, देवगिरी काय तुमच्या बापाची आहे का? खरं उत्तर सगळ्यांचंच असतं, मंदा. खोटं तेवढं आपलं एकट्याचं. ते त्याच्या पुस्तकात सापडलं की चोर सापडला.” आणि तसे दोन चोर त्यांनी पकडलेही होते. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात. आमच्याकडं पाटावर पेन्सिल, पट्टी, भिंग आणि अखेरची मुद्रितं मांडली जायची, हळदकुंकू वाहिलं जायचं, आणि मग घरातल्या एकानं खडा टाकायचा. दर वर्षी वेगळ्यानं. अट एकच, खडा कुणाच्या दाताखाली येता कामा नये. ज्याचं उत्तर चुकलं तरी जगात कुणाचं काही बिघडणार नाही, असाच प्रश्न निवडायचा. आईनं एका वर्षी कुठल्याशा थंड देशातल्या तळ्याची खोली बदलली होती आणि दिवसभर ती स्वतःशीच हसत होती.

मी अकरावीत गेले त्या वर्षी खडा माझा होता. मला आठवतं, आई पुरणात घालायला जायफळ किसत होती आणि सगळ्या घरभर तो वास होता. मी खानपानाचा भाग चाळत होते. आठशे सदतिसावा प्रश्न: कोणत्या देशाच्या राष्ट्रध्वजावर जायफळाचे चित्र आहे? उत्तर, ग्रेनाडा. कुठं आहे ग्रेनाडा हे अण्णांनाही नकाशात शोधावं लागलं होतं. मी पेन्सिल घेतली, ग्रेनाडा खोडला आणि मॉरिशस लिहिलं. अण्णांनी वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “वा. कोण कशाला मरायला विचारतंय जायफळाचा झेंडा!” अण्णा मला शाबास म्हणाले असे प्रसंग मोजकेच आहेत. त्या दिवशी मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

दिवाळीनंतर आमच्या मागच्या खोलीत हिराताई राहायला आली. खोली भाड्यानं द्यायला अण्णा तयार नव्हते. आई म्हणाली, पोरीची जात आहे, आपल्या मंदाला सोबत होईल, आणि कसं कोण जाणे ते ऐकलं गेलं. हिराताई पैठणच्या अलीकडच्या एका वाडीची. घरची मेंढरं. तिचे वडील, आबा, तिला सोडायला आले तेव्हा खांद्यावर घोंगडी आणि हातात शेंगदाण्याची चटणी बांधलेलं फडकं होतं. ते उंबऱ्याबाहेरच बसले. अण्णांनी दोनदा सांगूनही आत आले नाहीत.

“अण्णा, म्या शबूद दिलाय पोरीला,” ते म्हणाले. “ह्यो एक पेपर. लागली नौकरी तर तिचं नशीब. न्हाई लागली तर माझ्या भनीच्या पोराला सोयरीक ठरल्याली हाय. चैतात बार उडवून देयाचा.”

हिराताई खाली मान घालून फडक्याची गाठ सोडत होती. आबा गेल्यावर ती मला म्हणाली, “आत्याचं पोरगं वंगाळ नाय गं. पर त्येच्या मागं मेंढरं वळत हिंडायचं म्हणजे शाळा शिकलेली सगळी पाण्यात.” पेपर एका सरकारी खात्यातल्या लेखनिकांच्या भरतीचा होता आणि त्यात निम्मे गुण सामान्य ज्ञानाला होते. हिराताईच्या पिशवीत दोन लुगडी, एक आरसा आणि आमची हजारी होती. ती हजारी ज्यांनी केली त्यांच्याच घरात आपण राहायला आलो, हा तिला देवाचा कौल वाटला.

तिची पाठांतराची रीत मी आजवर दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. ती प्रश्न म्हणतच नसे. नुसता आकडा आणि उत्तर. “एकशे चार, आझमशहा. एकशे पाच, मलिक अंबर.” भाकरी भाजताना, धुणं धुताना, मागच्या अंगणात चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. मेंढरं मोजायची सवय, ती म्हणायची, कळपातलं एक कमी पडलं की चालता चालता कळतं. आमच्या दोन खोल्यांच्या मधे एकच भिंत होती आणि तीही एका विटेची. माझी गादी त्या भिंतीला लागून होती. कार्तिकात ती इतिहासात होती. संक्रांतीला तिनं मला तीळगूळ दिला तेव्हा भूगोल संपवून मनोरंजनात शिरली होती. मी तिच्यासोबत बसून धपाटे खायची, तिची आकड्यांची परीक्षा घ्यायची. जन्मात पहिल्यांदा मला एक मैत्रीण मिळाली होती आणि ती सहा वर्षांनी मोठी होती. आणि रोज ती थोडी थोडी पुढं सरकत होती.

एके सकाळी भिंतीपलीकडून आलं, “आठशे छत्तीस, मेक्सिको. आठशे सदतीस, मॉरिशस.” माझ्या हातातला कंगवा तसाच राहिला.

त्यानंतर मी ते मॉरिशस पुन्हा पुन्हा ऐकलं. तिची पहिली फेरी संपली, दुसरी सुरू झाली, आणि मग तर दिवसाला दोन फेऱ्या व्हायला लागल्या. मला वेळही पाठ झाली. सकाळी साधारण नळ यायच्या सुमारास एकदा आणि उन्हं कलताना एकदा. त्या वेळी मी मुद्दाम आईजवळ जाऊन बसायची, तर आई म्हणायची, “काय करायलीस इथं, जा वाच काहीतरी.” अण्णांना सांगायचं धाडस नव्हतं. खड्याबद्दल बाहेर बोलायचं नाही ही आमच्या घरातली देवासारखी गोष्ट होती. मी लहान असताना शपथ घेतली होती, पाटावरच्या पेन्सिलीला हात लावून. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा मला खरोखर वाटायचं की मी बोलले तर आमचं घर बसेल. आणि नाही बोलले तर? हजारात एक प्रश्न. येणार आहे थोडाच. मी स्वतःला हेच सांगत होते आणि भिंत मला दिवसातून दोनदा मॉरिशस सांगत होती.

पेपरच्या चार दिवस आधी मला राहवलं नाही. ती अंगणात ओली वेणी सोडून बसली होती. मी म्हटलं, “हिराताई, आठशे सदतीस चुकलंय. मॉरिशस नाही. ग्रेनाडा.”

“पुस्तकात तर मॉरिशस हाय.”

“छापताना चुकलंय.”

तिनं ओली वेणी मागं टाकली. “अण्णांनी सांगितलं व्हय?”

“होय,” मी म्हटलं. ते खोटं होतं, पण दुसरं काय म्हणणार? तिनं लगेच हजारी काढली, मॉरिशसवर रेघ मारली आणि गोल गोल अक्षरांत ग्रेनाडा लिहिलं. आणखी कुठं चुकलंय का, म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं आणि ते मात्र खरं होतं. त्या दिवशी उन्हं कलताना भिंतीतून ग्रेनाडा आलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी आईला न सांगता पीठ मळून ठेवलं.

पेपर झाला. हिराताई रिक्षातून उतरली ती धावतच आत आली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. “मंदे, तुझं जायफळ आलं! एका शब्दात उत्तर लिवा, त्यात आलं!” तिनं येताना गुलमंडीवरून पेढे आणले होते. एक तिनं स्वतःच्या हातानं मला भरवला. मी तो गिळला आणि अण्णांकडं बघितलं नाही. अण्णा पुढच्या खोलीत होते आणि त्यांना फक्त “जायफळ” एवढंच ऐकू गेलं असावं, कारण त्यांची पेन्सिल थांबली.

निकाल आणि उत्तरांची यादी एकाच दिवशी खात्याच्या फलकावर लागली. हिराताई एकटीच बघायला गेली होती. परत आली तेव्हा चप्पल न काढता अंगणात उभी राहिली. शेवटच्या निवडलेल्या माणसाहून तिला एक गुण कमी होता. आणि यादीत जायफळाच्या पुढं उत्तर होतं, मॉरिशस.

मला आधी समजेचना. मग समजलं. पेपर काढणाऱ्यानं प्रश्न आमच्या हजारीतून उचलले होते आणि उत्तरंही. खडा त्यांच्या दाताखाली आलाच नव्हता. त्यांनी तो शिजवून वाढला होता. ज्यांनी आमचं पुस्तक डोळे मिटून पाठ केलं त्या सगळ्यांना गुण मिळाला, आणि ज्या एका मुलीला मी खरं सांगितलं तिचा गेला.

“तू मला असं का सांगितलंस?” हिराताई विचारत होती. ती ओरडत नव्हती. “पुस्तकात बराबर व्हतं. यादीत बी तेच हाय. म्या तर पाठच केलं व्हतं, मंदे. तुला माझं काय वंगाळ करायचं व्हतं?”

“ग्रेनाडाच खरं आहे,” मी म्हणाले.

“मग अण्णांना विचारू. तूच म्हणालीस, अण्णांनी सांगितलं.”

अण्णा दारात आले होते. हिराताईनं त्यांना विचारलं आणि ते एकदा माझ्याकडं आणि एकदा तिच्याकडं बघून म्हणाले, “मी काही सांगितलं नव्हतं.” तेही खरंच होतं. हिराताई खोलीत गेली आणि तिनं आतून कडी लावली. दुसऱ्या दिवशी तिनं आबांना निरोप धाडला की न्यायला या.

मी अण्णांना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्यावर हात उगारला आणि मग तो कपाळाला लावून बसले. “शपथ मोडलीस,” एवढंच दोनदा म्हणाले. आई स्वयंपाकघरातून आली, तिच्या हाताला पीठ होतं. ती म्हणाली, “पोरीचं लग्न लावून देतील तिकडं. हरकतींना शनिवारी दुपारपर्यंत वेळ आहे म्हणे. काहीतरी करा.” अण्णांनी कपाटातून इंग्रजी ग्रंथ काढला, ज्यात सगळ्या देशांचे रंगीत झेंडे होते, आणि तो माझ्या हातात दिला. “हा दाखवा. ध्वजावर डावीकडं जायफळ स्पष्ट आहे. यापेक्षा मी काय करू?”

शुक्रवारी मी आणि हिराताई त्या खात्यात गेलो. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण आली. खिडकीतल्या बाबूनं झेंड्याचं चित्र उलटसुलट करून बघितलं. “ये जायफळ है क्या? मला तर आवळा वाटायलाय,” तो म्हणाला. मग त्यानं ग्रंथ मिटून परत केला. “हे पाहा ताई, सरांनी पेपर हजारीवरून काढला. हजारी म्हणजे आपल्याकडं प्रमाण. असली इंग्रजी बुकं लोक शंभर आणतील. हजारीवाल्यांचं पत्र आणा शिक्क्यासकट, की आमचं उत्तर चुकलं म्हणून. मग प्रश्न रद्द करू. उद्या बारापर्यंत.” येताना हिराताई एवढंच म्हणाली, “पत्र मागून बघ. तुझंच घर हाय.”

अण्णांनी पत्र द्यायला साफ नकार दिला. मला त्यांची बाजू कळत होती, हेच वाईट होतं. ते दुष्ट नव्हते. “सरकारी कागदावर माझ्या सहीनं लागेल, हजारी चुकली म्हणून. उद्या पोरं म्हणतील, एक चुकलं तर बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांचं काय? आणि मुद्दाम चुकवलं म्हणून लिहू? मग तर दुकानदार पुस्तक रस्त्यावर फेकतील.” ते फेऱ्या मारत होते, चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. मला वाटलं, अण्णा, हिराताई आणि मी, आम्ही तिघंही त्या पुस्तकात राहतो आणि त्याला दारच नाही.

शनिवारी सकाळी आबा येऊन बाहेर बसलेले होते. हिराताईची पिशवी भरलेली होती. अण्णा न्हाणीत गेले तेव्हा मी त्यांच्या टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला, त्यावर लिहिलं की हजारीत छपाईची चूक झाली आहे, आणि शिक्क्याची डबी उघडली. शिक्का उचलला तोच अण्णा ओल्या पंचात दारात उभे होते. मला वाटलं, आता मार बसेल. त्यांनी कागद उचलला आणि वाचला. मग म्हणाले, “चूक म्हणू नकोस. चूक म्हटलं की पुस्तक गेलं.” आणि मग, माझ्याकडं न बघता, “दुसरा कागद घे.”

मी घेतला. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेले. “मी स्वल्पविराम हजारीच्या प्रकाशकांची मुलगी स्वल्पविराम मुद्रिते तपासताना वडिलांच्या नकळत स्वल्पविराम केवळ खोडसाळपणे स्वल्पविराम प्रश्न क्रमांक आठशे सदतीसचे उत्तर बदलले पूर्णविराम. खरे उत्तर ग्रेनाडा पूर्णविराम. पुस्तकातील इतर सर्व उत्तरे अचूक आहेत पूर्णविराम.” आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, “अहो.” अण्णांनी ऐकलं नाही. मी ‘खोडसाळपणे’ लिहिताना थांबले होते, हे मला नक्की आठवतं. साडेदहा झाले होते. बाहेर आबा खोकत होते. मी तो शब्द लिहिला. कुणी माझा हात धरला नव्हता, हेही मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले आहे. मी खाली सही केली. अण्णांनी त्याखाली लिहिलं, ‘वरील मजकूर खरा आहे’, आणि शिक्का मारला.

बाबूनं ते पत्र खिडकीत मोठ्यानं वाचलं, सगळ्यांसमोर, हिराताई आणि आबा माझ्या दोन्ही बाजूंना उभे असताना. वाचून झाल्यावर चष्म्यावरून माझ्याकडं बघून म्हणाला, “शरम नाही वाटली?” प्रश्न रद्द झाला. ज्यांना गुण नव्हता त्या सगळ्यांना एकेक गुण मिळाला. हिराताई शेवटच्या माणसाच्या बरोबरीला आली, वयानं ती मोठी म्हणून जागा तिला मिळाली. म्हणजे कुणीतरी एक गळालं. हजारी प्रामाणिकपणे पाठ केलेलं कुणीतरी. त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही आणि आजही कधी कधी ते मला टोचतं.

शहर तेव्हा लहान होतं. आठवड्याच्या आत कॉलेजात, किराणा दुकानात, छापखान्यात सगळ्यांना कळलं की हजारीवाल्यांच्या कार्टीनं पोरांच्या पोटावर पाय दिला. अण्णांबद्दल मात्र लोकांना हळहळ वाटली. पुस्तक पुढं दहा-बारा वर्षं निघत राहिलं, उलट जोरात निघालं. खडाही पडत राहिला असणार. मला ते माहीत नाही, कारण त्यानंतर अण्णांनी मला मुद्रितं वाचायला बसवलं नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. संध्याकाळी पुढच्या खोलीतून दोघांचे आवाज यायचे, आई अडखळत पूर्णविराम म्हणायची, आणि मी त्या एका विटेच्या भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. पलीकडंही आता कुणी आकडे म्हणत नव्हतं.

हिराताईला पैठणलाच नेमणूक मिळाली. खोली सोडायला ती आणि आबा आले तेव्हा आबांनी अण्णांसाठी नवी घोंगडी आणली होती, घरी विणलेली, काळीभोर. ती त्यांनी स्वतः अण्णांच्या खांद्यावर टाकली आणि वाकून पाया पडले. “तुमी स्वताच्या लेकीचा बी मुलाहिजा न्हाई ठिवला,” ते म्हणाले. “लई मोटं मन.” आई आत निघून गेली. हिराताईनं पिशवी उचलली, उंबऱ्याशी आली आणि माझ्यासमोर थांबली. मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल.

“मंदे, म्या तुला माफ केलं,” ती म्हणाली. “पर पुन्ना कुनाच्या जिवाशी असला खेळ खेळू नको. तुला गंमत व्हती, मला जल्म व्हता.”

मी अण्णांकडं बघितलं. ते माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभे होते. एक वाक्य पुरलं असतं, आणि ते फक्त त्यांनाच म्हणता येण्यासारखं होतं. मी वाट बघितली. त्यांनी खांद्यावरची घोंगडी नीट केली, घसा खाकरला आणि म्हणाले, “आबा, निघा आता. पैठणची एसटी चुकेल.”